सुकाणूचा अडलेला खिळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खिळा आहे. पण भिंतीत ठोकतात तसला नव्हे. शिडाच्या होडीच्या पाठीमागे तिला वळवणारं लाकडी सुकाणू असतं ना, त्याच्या पितळी कड्यांतून मी उभा ओवलेला असतो. दार बिजागरीवर फिरतं, तसं सुकाणू माझ्याभोवती फिरतं. मी अडलो की सुकाणू अडतं आणि होडी वारा नेईल तिकडे जाते.

आमची फायबरची होडी समुद्राकाठची, पण मी नांदेडचा. नौदलातून निवृत्त झालेले ग्यानोबा ती ट्रकमधून घेऊन आले, तेव्हा तिचा मूळचा खिळा वाटेत कुठेतरी पडला. मग एका लोहाराने ट्रॅक्टरच्या मोडक्या दांड्यातून मला घडवलं. "जहाजाचं काम पहिल्यांदाच करून राहिलो," असं म्हणत त्याने माझ्यावर कितीतरी वेळ कानस फिरवली.

गोदावरीच्या अडवलेल्या पाण्यावर होडी तरंगू लागली. काठावरचे लोक ओरडायचे, "ग्यानोबा, मुंबईला निघाला काय?" ते म्हणायचे, "हाव! ये, बस!" त्यांची लेक आरती सुकाणूचा दांडा धरायची. तिचा हात इतका हलका, की मला ओझं वाटायचंच नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडत. तेव्हा ग्यानोबांच्या पत्नी लक्ष्मीबाई मलाही हळदीकुंकू लावत आणि माझ्या डोक्यावर नारळ फोडत. त्याचं गोड पाणी कड्यांत झिरपायचं. दुसऱ्या दिवशी ग्यानोबा मला बाहेर काढून पुसत आणि तेल लावत.

पुढे ग्यानोबा वारले. आरती लग्न होऊन लातूरला गेली. होडी शेडमध्ये पडून राहिली. पूजा मात्र चुकली नाही. नवऱ्याची आठवण म्हणून लक्ष्मीबाई आणखी मोठा नारळ आणू लागल्या. पुसायचं कुणाला सुचलं नाही. कुंकू, गोड चिकटा आणि गंज यांचा माझ्याभोवती दगड झाला. मान खूप होता, मित्रांनो, पण मला हलता येत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात आरती तान्ह्या ऋतुजाला घेऊन माहेरी आली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ हरिओम म्हणाला, "ताई, एका हॉटेलवाल्याला होडी पाहिजे. दारात ठेवून तिच्यात झाडं लावतो म्हणला. रविवारी टेम्पो येतोय."

"आबांच्या होडीची कुंडी करायची?"

"मग काय करू? सुकाणू जाम हाय. वळत न्हाई ती होडी कसली?"

लक्ष्मीबाईंनी निवाडा केला. "रविवारपतूर वळली तर ऱ्हाईल. न्हाई तर जाऊ दे. शेडात धूळ खाण्यापरीस तिच्यात झाडं तरी वाढतील."

हरिओमने हातोडा आणला. पहिल्याच घावाला मी कळवळलो, कडीजवळचं लाकूड तडकलं आणि झोळीतली ऋतुजा दचकून रडायला लागली.

"ठेव तो हातोडा!" आरती म्हणाली. "लेकरू आत्ता कुठं झोपलं होतं. अन् सुकाणूच फुटलं तर काय वळवशील?"

तेव्हापासून माझी सगळी दुरुस्ती बाळाच्या झोपेवर चालली. झोळी शांत झाली की आरती शेडमध्ये यायची. कढत पाण्यात बुडवलेली फडकी कड्यांना गुंडाळायची. हळूहळू तांबडं, चिकट पाणी ओघळू लागलं. तिने ते बोटांवर घेऊन पाहिलं.

"माय, हे तर कुंकू हाय. अन् नारळाचं पाणी."

लक्ष्मीबाई बघतच राहिल्या. "म्हंजे मीच जाम केलं व्हय गं त्याला?"

"न्हाई माय. तू पूजा केलीस. पुसायचं काम आबांचं होतं, ते आपण कुणी घेतलंच न्हाई."

मग लक्ष्मीबाईही पदर खोचून बसल्या. आरती गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोडायची आणि त्या धुण्याच्या मोगरीने मला हलकेच ठोकायच्या, बाळाला थोपटावं तशा.

हरिओम हसला. "माय, खिळ्याला निजवून राहिलीस का?"

"तू बी थोपटल्याबिगर ऐकत नव्हतास. गप बस अन् फडकं पीळ."

शनिवार संपला, तरी मी जागचा हललो नव्हतो. रविवारी सकाळी दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. आरतीने ओढाताण केली नाही. दांडा धरून तिने जरासं इकडे, जरासं तिकडे केलं. कर्र! गव्हाच्या दाण्याइतकं सुकाणू सरकलं. पुन्हा तेल, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. आणि एकाएकी ते सबंध वळलं!

हरिओमने स्वतः मला बाहेर काढलं, घासून लख्ख केलं आणि वंगण लावून परत बसवलं. तडकलेल्या लाकडावर त्याने तार आवळली. बाहेर हॉटेलवाला घाई करत होता, "मावशी, चढवायची ना होडी?"

"चढवा की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण हॉटेलात न्हाई, पाण्यापतूर सोडा. टेम्पो आलाच हाय तर रिकामा कशाला जाऊ देता? चहा घरी घ्या, झाडासाठी दुसरं काही बघू."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू अडून बसली, तर लगेच हातोडी शोधू नका. कुठं अडलंय ते आधी बोटांनी चाचपा. तिला थोडी ऊब द्या, तेल द्या, वेळ द्या. आणि ती हलली की पुन्हा मखरात बसवू नका, कामाला लावा. मला आज पाण्याचा जोर सोसावा लागतोय, अंग दुखतंय, आणि फार बरं वाटतंय.