कोपऱ्यातले हात

पिवळ्या वायरीची पिन जराशी सैल होती, पण दोन बोटांत धरून ती किंचित डावीकडे कलती ठेवली की चित्राची थरथर थांबे, आणि मग टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, बशीएवढ्या चौकटीत त्याची लेक हातांनी खुणा करत येऊन उभी राही. उरलेला सगळा पडदा एका कोटवाल्या गृहस्थानं व्यापलेला असे. तो बातम्या देई म्हणे. त्याच्याकडं या घरात आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यानं पिनेला चिकटपट्टी लावली. आता एवढं शेवटचं बातमीपत्र झालं की संपलं. टीव्हीखालचा रेकॉर्डर हल्ली तापायचा, मध्येच मान टाकायचा. म्हातारा झाला होता बिचारा, पण लेकीचं एकही बातमीपत्र त्यानं चुकवलं नव्हतं. वाहिनीनं मात्र जुनं काहीच ठेवलेलं नव्हतं. बहिऱ्या मुलांसाठी नवी शाळा निघणार होती, तिथली मुख्य शिक्षिका निवडायची होती, आणि समितीला उद्या लेकीचं जुनं काम बघायचं होतं. वाहिनीनं हात वर केल्यावर तिनं बाबांना विचारलं—हातांनीच, या घरात सगळंच हातांनी चाले: तो जन्मापासून बहिरा, बायको बहिरी, आणि पोटी आलेली ही एकुलती एक ऐकणारी पोर—तेव्हा उत्तर द्यायच्या आधी त्यानं मुद्दाम चष्मा पुसून घेतला होता. माझ्याकडं आहेत. सगळी आहेत.

जावयानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि दाखवलं: इथं लावायचं, तिथं उतरवून घ्यायचं, मग रूपांतर करायचं, म्हणजे फाईल कुठंही उघडते. ऐकणाऱ्या जावयाची बोटं खुणा करताना हातमोजे घातल्यासारखी चालत, पण माणूस चिकाटीचा. रूपांतर चालू असताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायची, अगदी सावकाश, आणि तेवढा वेळ उठून गेलं तरी चालतं असं जावयानं दोनदा सांगितलेलं… पण दूध तापत ठेवून कुणी उठून जातं का? तो बसून राही. त्याच्या वयाची माणसं रिमोटला बिचकतात, आणि मी इथं फाईली बदलतोय, असं मनात येऊन त्याला स्वतःचंच हसू येई, आणि हसता हसता छाती थोडी पुढं येई.

उतरवलेलं एकदा पूर्ण बघायचं, हात स्वच्छ दिसतात ना ते तपासायचं, आणि मग रेकॉर्डरमधलं मूळ पुसून टाकायचं. ही छापखान्यातली सवय. सारा जन्म त्यानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. पान छापून झालं की खिळे सुटे करायचे, धुवायचे, ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, आणि टेबल मोकळं झाल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावायचा नाही. तिथं यंत्रांच्या आवाजानं बाकीच्यांचे कान हळूहळू जात, आणि फोरमन खुणेनं म्हणे, तू बरा, आधीच तयार होऊन आलास.

पडद्यावर लेक काहीतरी पुराचं सांगत होती. मनगट कसं वळवते बघ… हेच मनगट त्यानं धरलं होतं, सरकारी कचेरीत, ती खिडकीपर्यंत जेमतेम पोचायची तेव्हा. आतला माणूस हिच्याशी बोलायचा, ‘वडलांना सांग’ म्हणायचा, आणि तो, चांगला मिशीवाला बाप्या, खाली वाकून पोरीच्या तोंडाकडं बघत राहायचा—आपलं काय ठरलं ते कळावं म्हणून. त्या वेळी तिचा अभिमान वाटायचा आणि आतून काहीतरी कुरतडायचंही. आता तिच्याकडं अख्खा देश असा बघतो, हे आठवलं की ते कुरतडणं कमी व्हायचं. संपत नसे.

दुपारी लेक आणि जावई आले. बायकोनं चहा ठेवला. त्यानं खुर्ची सरकवून जावयाला बसवलं, पहिली फाईल उघडून दाखवली, आणि स्वतः हात मागं बांधून उभा राहिला, परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा.

जावई आधी हसला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं काहीतरी दाबलं, दुसरी फाईल उघडली, तिसरी, मग वाकून टेबलामागं डोकावला. लेकीशी काही बोलला. तिनं ते लगेच हातांनी सांगितलं नाही, आणि नुसते ओठ हलतायत म्हटल्यावर याला कळलं की काहीतरी बिघडलंय.

“काय झालं?”

“बाबा, आवाज आलेला नाही.”

पिवळी चित्राची, तांबडी आणि पांढरी आवाजाची. माहीत होतं त्याला, माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दोन वायरी टीव्ही घरात आला त्या दिवसापासून मागं रबर लावून गुंडाळलेल्या होत्या आणि त्या सोडायचं कुणालाच कधी काही कारण पडलं नव्हतं.

“रेकॉर्डरमध्ये मूळ असतील ना अजून?” जावयानं अवघडलेल्या बोटांनी विचारलं.

त्यानं बायकोकडं पाहिलं. मग सांगितलं, “पुसली.”

चोख काम करायला गेलो आणि पोरीच्या पायावर धोंडा टाकला, तोही रोज तिच्याकडं कौतुकानं बघत… त्याला कॉम्प्युटरकडं बघवेना.

“त्या कोटवाल्याचा आवाज कशाला लागतो?” बायकोनं हात नाचवले. “काम हिचं बघायचंय ना?”

“समितीत ऐकणारी माणसंही आहेत, आई. तो काय बोलला आणि मी काय सांगितलं, ते ताडून बघणार.”

लेकीनं पहिली फाईल पुन्हा सुरुवातीला नेली. मग तिनं नवऱ्याला फोनवर रेकॉर्डिंग लावून तो तोंडाजवळ धरायला सांगितलं, खुर्ची पुढं ओढली, आणि पडद्यावरच्या स्वतःच्या हातांकडं बघत बोलायला लागली. तिचे ओठ हलत होते, हात मांडीवर गप्प पडले होते. कोपऱ्यातल्या हातांवरून ती आवाज परत काढत होती.

“हा तुझाच आवाज. यात ताडून काय बघणार?” जावयानं फोन खाली ठेवून खुणेनं विचारलं.

“माहीत नाही. मुक्यापेक्षा बरं. घेतील किंवा नाही घेणार.”

मग अगदी सुरुवातीच्या काळातलं एक बातमीपत्र लागलं, केस आखूड होते तेव्हाचं, आणि ती अडली. पडद्यावर एका हाताची दोन बोटं पसरलेली, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्यामध्ये सरकत होतं. तिनं मागं नेलं, पुन्हा पाहिलं. आईकडं पाहिलं. आईनं नकारार्थी मान हलवली. हल्ली घरातही लेकीच्या टीव्हीवरच्याच खुणा चालत. जुन्या कधी गेल्या ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्याच्या मात्र ध्यानात होतं. छापखान्यात पान कमी भरलं की दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवायची, पान लांबतं… ती खूण त्यानंच घरी आणली होती, सुट्टी वाढली, पाहुणे आणखी राहिले, कशालाही तीच वापरायचे. आणि या पोरीनं, नवी होती, घाईत दुसरी सुचली नसेल, ती सगळ्या देशाला दाखवली होती. त्या संध्याकाळी ती पडद्यावर पाहिली तेव्हा तो उठून उभाच राहिला होता.

“मुदत वाढवली,” त्यानं सांगितलं. “अर्ज भरायची.”

लेक ते बोलली. मग तिनं खुर्ची फिरवली, पडद्याकडं पाठ करून.

“या काळातल्या सगळ्या अशाच आहेत बाबा, घरातल्या. मला आता उमगत नाहीत. तुम्ही बघा आणि सांगा, मी बोलते.”

जावयानं चित्र थांबवून धरलं होतं. बायको चहाचा कप हातात तसाच धरून होती. उद्याचं काय होईल ते त्याला माहीत नव्हतं, केलेली चूकही तिथंच होती, जराही लहान झालेली नव्हती. पण काय झालं, काय म्हणाले, हे कळायला तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत आला होता, आणि आता तीन माणसं त्याच्या हातांकडं बघत होती, ऐकणारीसुद्धा.

त्यानं पडद्यावरची पुढची खूण पाहिली. उत्तर त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं हात लगेच उचलले नाहीत. त्या तिघांना त्यानं जरा वेळ तसंच बघत राहू दिलं.