खंडेनवमीची चिंधी

रस्त्याच्या धुळीत चाकाच्या सांध्यावरची ती रबराची टोपी पडली होती – अक्रोडाएवढी, एका अंगाने उभी फाटलेली, आतले ग्रीस वाळूत मळून काळे झालेले – आणि मान वर केली तर काहीतरी बोलावे लागेल, म्हणून अंबादास तिच्याकडेच पाहत उभा होता. गाडीच्या पलीकडे, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, त्याची बायको कालिंदी पुलाच्या दिशेने बघत होती. दोघांच्या मध्ये ती जुनी, तिसऱ्या हातची मोटार पुढच्या डाव्या बाजूला गुडघा टेकल्यासारखी खचली होती. चाकाचा माथा बाहेर कलला होता, मोडलेल्या मनगटासारखा… आणि तरी किती शांत होते सगळे. दुपारचे ऊन, पुलावरून गेलेल्या मालगाडीचा विरत चाललेला खडखडाट, कुठूनशी ओतकामाच्या भट्टीची जळकट चव.

घडले ते थोडकेच. दिवाळीसाठी कालिंदीची आई, माई, नेसरीहून एस.टी.ने येत होत्या. त्यांना आणायला दोघे राजारामपुरीतून स्टँडकडे निघाली होती. रेल्वेच्या पुलाअलीकडे वळताना डावीकडे एकच आवाज झाला – खट् – स्टिअरिंग हातात एकाएकी पोकळ झाले, आणि गाडी माणसाच्या चालीने जात होती म्हणून जागच्या जागी बसली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. अंबादासच्या कॉलेजातला शिपाई सयाजी सायकलवरून चालला होता, तो पिराजी मिस्त्रीला आणायला उद्यमनगराकडे गेला. पिराजी येईपर्यंत दहा मिनिटे, फार तर पंधरा. तेवढाच वेळ अंबादासच्या हातात होता.

कारण पिराजी आल्याबरोबर बोलणार होता. पिराजीला न बोलता येत नसे.

म्हशी घेऊन निघालेला एक गवळी थांबला, कमरेवर हात ठेवून त्याने खचलेले चाक नीट न्याहाळले.

“गाडीनं बसकण मारली की पावणं!”

“हं.”

“आमची म्हस बरी. चार पाय हाईत, आन् चारी एकाच वाटंनं जात्यात.”

कालिंदी हसली. अगदी थोडे, पण हसली. आणि हसताना तिने सवयीने नवऱ्याकडे पाहिले, त्या हसण्यातला अर्धा वाटा त्याला द्यावा तसे. अंबादासच्या मनात आले, की या बाईला अजून काहीच ठाऊक नाही. हे असे पाहणे आता मोजकेच उरले आहे.

सोळा दिवसांपूर्वी, खंडेनवमीच्या सकाळी, पिराजी वर्कशॉपातला प्रसाद घेऊन दारात आला होता. गाडी खुटखुटते म्हणून अंबादासनेच निरोप धाडला होता. पण पान्हे, हातोडे, जॅक – सगळी हत्यारे लाल कापडावर मांडून पुजलेली. त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणून पिराजीने नुसत्या हातांनी चाक वरखाली धरून हलवले. “ह्ये बघा सर. दात हलल्यागत हलतंय. आतला गोळा वाटीतनं कवा निसटंल, नेम न्हाय. मद्रासास्नं नवा जॉइंट येईस्तवर गाडी दारातनं काढायची न्हाय.” मग प्रसादाभोवती गुंडाळून आणलेल्या, पूजेतल्याच उरलेल्या लाल कापडाची पट्टी टरकन फाडून त्याने ती स्टिअरिंगला बांधली. त्याच्या वर्कशॉपातली ती रीत होती: जी गाडी हलवायची नाही, तिच्या स्टिअरिंगला लाल चिंधी. अंबादासने ती रीत कित्येकदा पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला हार घालायला कालिंदी तबक घेऊन बाहेर आली, तिने ती पट्टी पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला. “बघा, पिराजींनी आपल्या गाडीलाही बांधलं. पूजेतलंच कापड आहे.” तिने गाठीवर हळदकुंकू वाहिले, डोळे मिटले. अंबादास पायरीवर उभा होता. तो म्हणाला, “हं.”

एवढेच. त्या एका हुंकाराखेरीज त्याने काही केले नव्हते. कॉलेजात तो तर्कशास्त्र शिकवीत असे. विधानच केले नाही, तर ते असत्य ठरण्याचा प्रश्न उद्भवत नाही, हे फळ्यावर लिहिताना त्याचा खडू कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी बोललो नाही ते तिच्या मिटलेल्या डोळ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी बोललो नाही ते आदल्या दिवशी बोललो नव्हतो म्हणून. आणि मग… मग ते आवडू लागले. पगार, आजारपणे, भिंतीवरची ओल, झोपसुद्धा – घरातल्या प्रत्येक गोष्टीत दोघांचा वाटा होता. ही एक गोष्ट तेवढी त्याची एकट्याची होती. रोज कॉलेजला जाताना डाव्या पायाशी ती खुटखूट ऐकू येई, आणि आपण काहीतरी जिवंत सांभाळतो आहोत असे त्याला वाटे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पन्हाळा. उतरताना घाटात डाव्या अंगाला दरी, मागे आठ वर्षांची लेक नलू कालिंदीच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली. “किती दिवसांनी मोकळं वाटतंय हो,” कालिंदी म्हणाली होती. प्रत्येक वळणावर त्याने आवाज मोजला. भीती वाटेल म्हणून वाट पाहिली… ती वाटली नाही, आणि न वाटण्याकडेच तो कुतूहलाने बघत राहिला – दुसऱ्या कुणाची नाडी हातात धरावी तसा.

आता बोलावे. पिराजीच्या आधी. ‘कालिंदी, ती पट्टी…’ नको. ‘तुला एक सांगायचं राहिलं…’ राहिलं? त्याने तिसरे वाक्य जुळवले, ते सरळ होते, त्यात पळवाट नव्हती. ते ओठांपर्यंत आले, आणि वळणावर सयाजीची सायकल दिसली, मागे कॅरियरवर दोन्ही पाय पसरून बसलेला पिराजी.

पिराजी उतरला, चाकाशी उकिडवा बसला. धुळीतली रबरी टोपी उचलून त्याने बोटांत चुरगाळली. मग उठून खिडकीतून आत डोकावला.

“आँ! फडकं तर जागच्या जागी हाय की. मग गाडी भायेर कशी आली?”

“अहो पिराजी,” कालिंदी म्हणाली, “ते पूजेचं ना?”

“पूजेचं? न्हाय वैनी. कापाड पूजेतलं, पर बांधलंवतं गाडी हलवू नका म्हणून. सरास्नी चाक हलवून दावलंय की मी…”

तो थांबला. त्याने एकदा कालिंदीकडे पाहिले, एकदा अंबादासकडे, आणि आवाज खाली आणला. “सरांच्या ध्येनात ऱ्हायलं नसंल. कॉलेजच्या कामात हुतंय असं.”

किती सहज पुढे केला होता त्याने तो शब्द, काठावरच्या माणसाने हात पुढे करावा तसा. कालिंदी नवऱ्याकडे बघत होती. त्याने तो हात धरावा, असे तिलाही वाटत होते. हे तिच्या डोळ्यांत इतके उघड होते, की अंबादासला तिथे बघवेना.

“नाही,” तो म्हणाला. “ध्यानात होतं.”

पिराजी खाली बसला आणि पिशवीतले पान्हे उगाचच वरखाली करू लागला.

“खंडेनवमीपासून?”

“हो.”

तिचे ओठ किंचित हलले. दिवस ती मागे मागे मोजीत चालली असावी.

“म्हणजे पन्हाळ्याला…”

“हो.”

“नलू मागं झोपली होती.”

त्याने तापलेल्या टपावर हात टेकला. दरीचा गार वारा आत्ता, या भर उन्हात, त्याच्या मानेवर आला, आणि मागच्या बाकावरचा तो संथ श्वास त्याला ऐकू आला, जो त्या रविवारी त्याने ऐकलाच नव्हता.

कालिंदीने पदर खांद्यावर घेतला. “माईची एस.टी. आली असेल,” ती म्हणाली. पिराजीला म्हणाली, की कुणाला म्हणाली…

“कालिंदी,” तो म्हणाला, “मी येऊ?”

पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ती पुलाखालच्या सावलीत शिरली, पलीकडच्या उन्हात निघाली, टांगे आणि सायकलींच्या गर्दीत तिची फिकट पाठ थोडा वेळ वेगळी दिसत राहिली. सयाजी काहीतरी विचारत होता. अंबादासला ते कळत नव्हते. आपले ओठ हलताहेत आणि आवाजाशिवाय तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणताहेत, एवढेच त्याला जाणवत होते. आणि ती चालत होती.