बिनचुलीचे लाडू आणि एकोडीचा मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे. साकोली तालुक्यातल्या एकोडी गावात, कामिनीच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर खिडकीजवळ माझी जागा आहे. मित्रांनो, फाटक्या छत्रीची आणि तुटक्या पेनाची कहाणी तुम्ही वाचली असेल. ती बिचारी हळू आवाजात रडतात. मला हळू बोलता येत नाही, आणि आज बोलायचंही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते तुमसरचं दुकान आणि कवडू. कवडू म्हणजे बपेऱ्याचा शेतकरी, कामिनीचा बाप. पोरीला आंदण द्यायला तो मिक्सर घ्यायला आला होता. दुकानदार म्हणत होता, रिकामा फिरवू नका, खराब होतो. कवडूने ऐकलं नाही. एकेका मिक्सरचं बटण दाबून त्याने कान लावला आणि शेवटी मला उचललं.

"उद्या हा बंद पडला तं बोलनं माह्या पोरीले आयकावं लागन," तो म्हणाला. "म्हनून आवाज पाहून घेतो."

ते वाक्य मी वायरीसारखं अंगाला गुंडाळून एकोडीला आलो.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. जवसाची चटणी, वांग्याच्या भाजीचं वाटण, सगळं माझ्याकडे. कामिनीच्या सासूबाई, सुंदरबाई, शेजारणींना बोलावून मला दाखवायच्या. मग माझी सवय झाली, आणि सवय झाली की माणसं बघणं सोडतात. झाकणाचं रबर हरवलं, ते कोणी शोधलं नाही. पोटाखालच्या जाळीत पीठ साचलं, तिथे मुंग्यांनी संसार थाटला. हळदीने माझा पांढरा रंग पिवळा पडला. वर म्हणायचं, किती ओरडतो हा! अहो, धानाला पाणी द्यायला साऱ्या गावाच्या मोटारी चालू, माझ्या वाट्याला जेमतेम अर्धी वीज. अर्ध्या पोटी राबताना तुम्ही गाणं म्हणाल का?

पण खरा राग आला तो यंदाच्या पोळ्याला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी ओढत नेतात आणि प्रत्येक घरातून त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. हल्ली बोजारा म्हणजे वेफर्सच्या चकचकीत पुड्या. मागच्या वर्षी कामिनीची लेक गुड्डी त्या खाऊन दुसरा सगळा दिवस पोट धरून पडली होती. कामिनीने तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी आपल्या दारात पुडी नाही.

अडचण शेगडीची होती. पोळ्याला शेगडी पुरणाने अडलेली. म्हणून तिने फोनवर पाहून ठेवलेले, आच न लागणारे लाडू करायचे ठरवले. भाजलेले शेंगदाणे लोण्यासारखे होईपर्यंत दळायचे, त्यात ओट्स आणि गुळाची पूड कालवायची आणि वळायचे. दाणे तिने आदल्या दिवशीच भाजून, सोलून ठेवले. ओट्स लाखनीहून आणवले.

सुंदरबाईंनी ओट्स तळहातावर घेऊन फुंकून पाहिले.

"हा कोंडा कायले आनला व? बैलाचा सन हाय म्हनून बैलाचाच खुराक करून राहिली का?"

कामिनी हसली. म्हणाली, खाऊन तर पाहा. सुंदरबाईंचं म्हणणं होतं की ज्याला चूल नाही, पाक नाही, त्याला लाडू म्हणणं हाच लाडवाचा अपमान आहे.

दाणे माझ्यात पडले. मित्रांनो, हे काम सोपं नाही. आधी कूट होतं. मग त्याचा गोळा होतो आणि भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतो. इथे वाटतं, संपलं, आता काही होत नाही. पण थांबायचं, चमच्याने खरवडून खाली घ्यायचं, मला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा फिरवायचं. मग दाणा आपलं तेल आपण सोडतो. कामिनी तसंच करत होती. इतक्यात अंगणातून गुड्डी रडत आली, तिच्या बैलाचं चाक निघालं होतं. कामिनी ते बसवायला बाहेर गेली.

सुंदरबाई उठल्या. त्यांनी भांड्यात डोकावलं, घागरीतून पेलाभर पाणी घेतलं, माझ्यात ओतलं आणि बटण दाबून धरलं. धरलं ते धरलंच. दाण्यांचा नुसता चिखल झाला. माझी पाती त्यात रुतली, अंग तापलं, वास सुटला आणि मी गपकन बंद पडलो.

"जरला!" सुंदरबाई म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

कामिनीचा नवरा धर्मेंद्र धावत आला. त्याने बटण खालीवर केलं आणि निकाल देऊन टाकला. लाखनीच्या दुकानात जुना देऊन नवा मिळतो, याला आत्ताच नेतो. आणि जाता जाता बोललाच, "तुया बापानं पाहूनच नाही घेतला वाटते."

पाहूनच नाही घेतला! ज्या माणसाने दुकानदाराचा राग पत्करून कान लावला, त्याला हे? मला तेव्हा आवाज असता तर एकोडीच काय, साकोलीपर्यंत ऐकू गेलो असतो. पण मी बंद होतो. कामिनीचा चेहरा उतरला होता. धर्मेंद्रने मला पोत्यात घालून मोटरसायकलवर बांधायला दोरी आणली.

कामिनी भांडं रिकामं करायला घेत होती. तिचं बोट आत ओलं झालं. ती थांबली.

"यात पानी कोनं टाकलं?"

धर्मेंद्रने आईकडे पाहिलं. सुंदरबाई गप्प बसू शकल्या असत्या. मुलगा त्यांच्या बाजूचा होता, मिक्सर सुनेच्या माहेरचा होता. मी पोत्यात बसून त्यांच्या गप्पपणाची वाट पाहत होतो, म्हणजे मला आणखी संतापता आलं असतं.

"मीनं टाकलं," सुंदरबाई म्हणाल्या. "कोरडाच घरघर करून राहिला होता. मले त्याची कीव आली."

कीव! मित्रांनो, सगळा राग मी ज्यांच्या नावाने साठवला, त्यांनी मला तहान लागली समजून पाणी पाजलं होतं. आता रागवायचं तरी कोणावर?

कामिनीने पोतं सोडलं.

"जरला नाही तो, तापला. बांधीतून धानाचा रोवना करून आल्यावर तुमी नाही का घडीभर बसत?" ती नवऱ्याला म्हणाली. "त्यालेबी बसू द्या. आनि माह्या बाबाले बोलले, ते वापस घ्या."

धर्मेंद्र दोरी गुंडाळत बसला. दोरीकडेच बघत तो म्हणाला, "बरं, चुकलो."

मी निवलो, तेव्हा तिने मला उलटं करून मुंग्या झाडल्या आणि पोटाखालचं, तापून बंद पडल्यावर दाबायचं बारीकसं लाल बटण आत दाबलं. खट्. मी पुन्हा बोललो. नवे दाणे थांबत थांबत फिरवले आणि त्यांचं लोणी झालं, खमंग, चकचकीत. ओट्स आणि गूळ त्यात मुरले, आणि लाडू वळायला सुंदरबाईही पाय पसरून बसल्या. तो पाण्याचा चिखल रात्रीच्या वांग्यात गेला. कोणी नाव ठेवलं नाही.

तान्ह्या पोळ्याला अंगणात बैल लागले. शेजारच्या कुंताबाईंच्या मोनूने आधी विचारलं, पुडी नाही का? मग एक लाडू खाल्ला आणि दुसऱ्यासाठी बैलच पुढे केला, याचा बाकी आहे म्हणून. संध्याकाळी कुंताबाई स्वतः आल्या. मोनूने हट्ट धरला होता, थोडा वेळ मिक्सर द्या म्हणाल्या.

कामिनी काही बोलायच्या आत सुंदरबाई दारात उभ्या राहिल्या.

"मिक्सर नाही जात. दाने घेऊन तूच ये. थांबत थांबत फिरवा लागते त्याले, मी काढून देतो."

मित्रांनो, झाकणाचं रबर अजून मिळालेलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. पण तुमच्या घरात जो कोणी ओरडतो, तो यंत्र असो की माणूस, त्याला लगेच पोत्यात घालू नका. आधी हात लावून बघा, तापलाय का. आणि तापला असेल तर त्याला पाणी पाजण्याआधी, मेहरबानी करून, थोडं बसू द्या.