पहिल्या घरातलं सोनं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवात लॅबशेजारच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची, ही कल्पना माझी. तेव्हा मला ती फार चांगली वाटली होती. म्हैसूरमधल्या नजरबादच्या आमच्या शाळेत आठवीच्या मुली अणूचं नाव पहिल्यांदा नीट ऐकतात, आणि पुस्तकातली सारणी इतकी बारीक छापलेली की बघूनच त्या पान उलटतात. भिंतीवर मोठी घरं असली तर येता-जाता नजरेखालून जातील, एवढाच माझा हिशेब. रिटायर व्हायच्या आधी एवढं एक काम नीट व्हावं असं मनापासून वाटत होतं.

शिकवायची माझी पद्धत साधी आहे. मैदानात रांगोळीनं एकात एक तीन वर्तुळं काढते. मधोमध गाभ्यात चिंचोके ठेवते, ते प्रोटॉन. मुली इलेक्ट्रॉन. पहिल्या वर्तुळात दोघी, दुसऱ्यात आठ, उरलेल्या तिसऱ्यात. अकरा चिंचोके, अकरा मुली, म्हणजे सोडियम. तिसऱ्या वर्तुळात एकटी पडलेली मुलगी शेजारच्या क्लोरीनकडे पळते, कारण तिथे बाहेरच्या वर्तुळात नेमकी एकीची जागा रिकामी असते. झालं मीठ तयार. त्या वर्षी पळणारी होती वनजा. तिकडे पोचली आणि तिथूनच ओरडली, "मिस, मी इकडे आले तरी त्यांचं नाव सोडियमच नं? चिंचोके अकराच आहेत की!" इतक्या वर्षांत हे कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

भिंतीच्या खर्चासाठी शाळेच्या कमिटीनं शक्कल काढली. एकेक घर एकेका देणगीदाराच्या नावानं. चांदी आणि तांबं हातोहात गेलं. आर्सेनिक फुकट दिलं असतं तरी कुणी घेतलं नसतं. हायड्रोजनलाही कुणी विचारेना, हवेला कोण पैसे देणार! सोनं अर्थात अध्यक्ष दामोदररावांनी घेतलं. त्यांचं लष्कर मोहल्ल्यात सराफी दुकान. ते आणि मी, दोघंही म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतले, त्यामुळे आमच्या मीटिंगा कन्नडात होत आणि भांडणं मराठीत.

पेंटरचा नकाशा बघून त्यांचा चेहरा पडला. "टीचर, हे काय हो? सोनं गुडघ्यापाशी? वर्ष सुवर्णमहोत्सवाचं, अल्वा, हो ना? पहिल्या घरात घ्या की."

"पहिल्या घरात हायड्रोजन बसतो," मी म्हटलं. "त्याच्या गाभ्यात प्रोटॉन एक. सोन्याच्या गाभ्यात एकोणऐंशी. त्यातला एक काढला तर ते सोनं राहत नाही, प्लॅटिनम होतं. एक घातला तर पारा. हे नंबर मी वाटलेले नाहीत, दामोदरराव."

"हौदु, हो हो, पुस्तकात असेल तसं. पण पंक्तीत यजमानाला कुणी मागे बसवतं काय?"

"यजमान शेवटीच जेवतो."

कमिटी खदखदून हसली. ते हसले नाहीत. मला मात्र वाटलं, विषय मिटला.

दसऱ्याच्या सुट्टीत मी बेट्टदपुरला नणंदेकडे गेले, आणि तेवढ्यात भिंत रंगली. परत आले तर वर पडदा. समारंभात तो सरकला तेव्हा पहिल्या घरात सोनेरी रंगात सोनं, क्रमांक एक, खाली दामोदररावांचं नाव. हायड्रोजनला एकोणऐंशीच्या घरात हाकललेलं. आणि सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरांत माझं नाव, 'मार्गदर्शन : श्रीमती तुंगा, एम.एस्सी.' टाळ्यांच्या कडकडाटात माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हेडमिस्ट्रेस इंदिराबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "सुम्ने, उगीच कशाला वाद, तुंगा? वर्गात तू बरोबर शिकवतेसच नं?"

"मग भिंतीवरून माझं नाव तरी पुसा."

"आता पेंट वाळलाय गं."

मग मी हट्टाला पेटले. रोज तासाच्या सुरुवातीला विचारायची, पहिलं मूलद्रव्य कोणतं? "हायड्रोजन!" सगळा वर्ग ओरडायचा, आणि वनजाचा आवाज सगळ्यांच्या वर. भिंत काय वाटेल ते बोलो, माझ्या पोरी बरोबर बोलतात, असं म्हणून मी मनाची समजूत घालत होते.

जानेवारीत शाळेच्या तपासणीला शिक्षणाधिकारी आले. पूर्वी केमिस्ट्री शिकवलेले, असं कळलं होतं. माझ्या मनानं उचल खाल्ली. हा माणूस भिंतीपुढे उभा राहील, वनजा बरोबर उत्तर देईल, आणि दामोदररावांच्या देखत सगळ्याचा निकाल लागेल. म्हणून मी मुद्दाम वनजाला पुढे उभं केलं.

साहेब भिंतीपुढे थांबले. दामोदरराव शेजारीच, शाल पांघरून. साहेबांनी अगदी माझ्या मनातलाच प्रश्न कन्नडात विचारला. मगु, बाळा, मूलद्रव्यांत पहिलं कोणतं?

वनजानं भिंतीकडे पाहिलं. दामोदररावांकडे पाहिलं. मग क्षणभर माझ्याकडे.

"गोल्ड, सर."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगते. त्यांनी भिंतीवरचं नाव वाचलं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं, आणि "व्हेरी गुड" म्हणून कॉफीला गेले. दामोदररावांनी वनजाच्या डोक्यावर हात ठेवला. "टीचरनी छान तयार केलंय हो पोरींना."

सगळे गेल्यावर मी तिला लॅबमध्ये ओढलंच. "वनजा, पहिलं कोणतं?"

"हायड्रोजन, मिस."

"मग तिथे काय झालं तुला?"

ती चपलेकडे बघत म्हणाली, "माझे अप्पा अध्यक्षांच्याच दुकानात पॉलिशला आहेत, मिस."

तिला काय वाटलं कोण जाणे, माझा हात धरून तीच मला समजावायला लागली.

"परवागिल्ला मिस, काही होत नाही, परीक्षेत मी बरोबर लिहीन. तिथे कोणी शेजारी उभं नसतं की."