पंचेचाळिसावी कोंबडी

घरामागची मोकळी जागा सुनेने कोंबड्यांसाठी मागितली तेव्हा मी तिला वेड्यातच काढलं. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. मी म्हटलं, कोंबडी पाळायला शिकवणी लागते हे पासष्ट वर्षांत आज पहिल्यांदा ऐकते आहे. माझ्या माहेरी कोंबड्या उकिरडा उकरून आपल्या आपण मोठ्या व्हायच्या, त्यांना कुणी प्रमाणपत्र दाखवलं नव्हतं. सून म्हणाली, त्या गावठी होत्या, या बॉयलर. बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या होतात. मी म्हटलं, माझा मुलगा बेचाळीस वर्षांत धड माणसात आला नाही, मग या कोंबड्या फारच हुशार म्हणायच्या.

मुलगा तिथेच बसला होता. त्याचाही त्या जागेवर डोळा होता. त्याचा मालवाहू टेम्पो रस्त्यावर उभा असतो आणि येणाराजाणारा त्याला ओरखडे काढतो. मागे सिमेंट ओतून टेम्पो आत घ्यायचा असा त्याचा बेत होता. चार दिवस नवराबायकोत धुसफूस चालली. शेवटी एकदा जेवताना, मला साक्षीला ठेवून, मुलाने अट घातली. पन्नास पिल्लं आण. त्यातली पंचेचाळीस जगली आणि दोन किलोला पोचली तर जागा तुझी. एक जरी कमी भरली तर मी सिमेंट ओतणार, मग रडायचं नाही. सून म्हणाली, चालेल. वाढून झाल्यावर तिने आपलं ताट घेतलं आणि पोटभर जेवली. मला तेव्हाच ती थोडी आवडली, पण बोलले नाही. सुनेला एकदा चांगलं म्हटलं की मग रोज म्हणावं लागतं.

तिने खांब रोवले, जाळी ठोकली, वर जुने पत्रे टाकले. सुताराकडून चार पोती भुसा आणून खाली वीतभर गादी घातली. पिल्लं आली ती एका खोक्यात, चिवचिव करत, पिवळीधमक. त्यांना पत्र्याच्या गोल कड्यात सोडून वर दिवा टांगला. मी म्हटलं, आईच्या पंखाखाली वाढायची ती दिव्याखाली वाढणार, मोठी होऊन कुणाला आई म्हणतील? सून म्हणाली, म्हणायच्या आत विकली जातील. सातव्या दिवशी एकेकाला धरून डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा होता. ते काम मी केलं. माझा हात स्थिर आहे. सुनेचा थेंब पिल्लाच्या चोचीवर, माझा नेमका डोळ्यात. हे मी दोन-तीन शेजारणींनाही सांगितलं.

एकोणिसाव्या दिवसापर्यंत एकही मेलं नव्हतं. पन्नासच्या पन्नास. आणि त्या दिवशी विहीणबाई यायच्या होत्या.

सुनेची आई बाई चांगली आहे, पण तिचं नाक तिच्या आधी घरात शिरतं. पडद्याला हात लावते आणि बोट बघते. आता माझ्या घरामागे तीन आठवड्यांचा भुसा, त्यात पन्नास पिल्लांची घाण. सुनेने मला बजावलं होतं की भुसा रोज फक्त खालीवर करायचा, कोरडा ठेवायचा, काढायचा नाही आणि पाणी तर मुळीच मारायचं नाही. हे ऐकून मला ओकारी यायची बाकी होती. घाण खालीवर करायची म्हणजे काय? आम्ही ती काढत आलो.

सून खाद्य आणायला बाजारात गेली. मी पदर खोचला. पिल्लं टोपल्यांखाली झाकली, भुसा सगळा ओढून बाहेर काढला, आठ बादल्या पाणी ओतून जमीन खराट्याने घासली. वरून भुशाचं उरलेलं एक पोतं पसरलं. अर्ध्या तासात लख्ख. विहीणबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, कोंबड्यांचं खुराडं आहे की देवघर? माझी छाती दोन बोटं फुगली. सून खाद्याचं पोतं खाली ठेवून नुसती बघत राहिली. आईसमोर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसली होती. खालची जमीन ओली, वरचा भुसा दमट. शिंका ऐकू येत होत्या, आणि कोंबडीला शिंक येते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तीन दिवसांत सहा गेली.

मुलाने मोजली. चव्वेचाळीस. बायकोकडे वळून म्हणाला, तीन दिवस शिकून आलीस ना, मग हे काय? सुनेने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी हातातलं पातेलं उगाच पुसत राहिले.

मुलगा कामावर गेल्यावर तिने मला हाक मारली. फावडं माझ्या हातात दिलं, घमेलं आपण घेतलं. दोघींनी मिळून ओला भुसा काढला, चुना टाकला, कोरडा पसरला. शेवटी घमेलं उपडं करताना म्हणाली, "आई, पाहुणे आले तर त्यांना पुढे बसवत जा. माझ्या कोंबड्यांना पाहुणे दाखवू नका."

मी चुन्याचे हात धुतले.

त्यानंतर रोज पहाटे भुसा मीच खालीवर केला. कुणी सांगितलं नव्हतं. चव्वेचाळीसमधलं पुढे एकही गेलं नाही. अशी फुगली की चार पावलं चालून दम खायची, आणि खायला मात्र लग्नाला आल्यासारखी.

बेचाळिसाव्या दिवशी चिकनवाला काटा घेऊन आला. तीन-तीनचे पाय बांधून टांगत होता. आधी सगळ्यात बारीक दिसणारी एकटी टांगली होती, ती दोन किलो शंभर भरली. तो म्हणाला, वहिनी, माल चोख आहे, पुढची खेप मलाच द्या. सुनेने मान खाली घातली. मुलगा दाराशी उभा होता, रेतीवाल्याला फोन लावत. म्हणाला, पुढची खेप नाही. पंचेचाळीस ठरली होती, एक कमी आहे.

तो कडक बोलला नाही, हे मला जास्त लागलं. आपलं बरोबर आहे असं ज्याला वाटतं तोच असा सावकाश बोलतो.

"फोन ठेव," मी म्हटलं. "ती सहा पिल्लं मी मारली."

चिकनवाल्याचा हात काट्यावर थांबला. मी सगळं सांगितलं. बादल्या किती, खराटा कुठला, विहीणबाई काय म्हणाल्या, सगळं. मुलाने बायकोला विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, माझ्या तोंडून निघालं असतं तर ती चुगली झाली असती.

"हिच्या हातून एकही गेलं नाही," मी म्हटलं. "हिची पन्नास धर. अट तिने जिंकली. सहा माझ्या नावावर, त्याचा दंड मी भरते. घरापुढचा ओटा तोड आणि तिथे टेम्पो लाव."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्या ओट्यावर मी तीस वर्षं बसते आहे. कोणाकडे कोण आलं, कोणाची भाजी शिळी, कोणाचा नवरा उशिरा, सगळं तिथून दिसतं.

"आई, तिथे बसून तू सगळी गल्ली चालवतेस."

"सुधारली आता गल्ली. चालेल आपली आपण."

चिकनवाला हसला आणि पुढच्या तीन कोंबड्या काट्याला अडकवल्या. सुनेने तोंडावर पदर घेतला, रडत होती की हसत होती देव जाणे. मी विचारलं नाही. मुलाने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, रविवारी बघू.

रविवारी तो पहार घेऊन आला. सूनही आली, म्हणाली, आई, पुढच्या खेपेला शंभर पिल्लं सांगितली आहेत, भुशाचं काम तुमचंच. मी म्हटलं, विचारून सांगायची पद्धत तुझ्या शिकवणीत नव्हती वाटतं. मुलाने पहिला घाव घातला तो अगदी हळू, जणू ओट्याला लागेल.

मी म्हटलं, "जोर लाव. तुझ्या बापाने बांधलाय, गुदगुल्या करून पडायचा नाही."