रिकामी जमीन

सगळे त्याला करवत्याच म्हणायचे. वीस वर्षं त्यानं यंत्राच्या करवतीनं जंगल आडवं केलं होतं. चार माणसांच्या कवेत न मावणारं झाड तो पाऊण तासात लोळवायचा. मग जंगलच संपलं. लाकूड कंपनीनं गाशा गुंडाळला आणि त्याच उघड्या टेकड्यांवर झाडं लावायचा प्रकल्प आला. साहेबांनी मुकादम म्हणून नेमकं त्यालाच उचललं. इथली वाट न् वाट त्याच्या पायाखालची होती.

पहिल्याच आठवड्यात खड्ड्यांची आखणी त्याच्या थोरल्या बहिणीच्या मक्यात शिरली. आई गेल्यावर ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. विधवा झाल्यावर तिनं या उतारावरचे बुंधे एकटीनं खणून काढले होते आणि झोपडी बांधून शेत केलं होतं.

"साहेब, इथं माझी बहीण राहते."

साहेबांनी नकाशा उलगडला. "यात कुठं दिसते तुझी बहीण? जमीन रिकामी आहे. तू समजावतोस तिला, की दुसरा मुकादम बघू?"

ताई दारात कणसं सोलत बसली होती.

"ताई, माझ्याकडे राहायला ये. इथं झाडं लावायचीत."

"कोण लावणार?"

"मी."

ताईला हसू आवरेना. "तू? अरे, तू झाडं लावणार?" खड्डे खणणारे मजूरही फिदीफिदी हसले. करवत्याची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो करवत घेऊनच आला.

"थांब, भांडी तरी काढू दे," ताई म्हणाली. त्याला ते स्वच्छ ऐकू आलं. तरी त्यानं यंत्राची दोरी ओढली. चार खांब कापायला कितीसा वेळ लागतो? छप्पर चुलीवर बसलं. मका मजुरांनी उपटला.

दुपारी फोटोवाला आला. साहेब म्हणाले, "या बाईंना मधे घ्या. गावची बाई हवीच."

करवत्यानं स्वतः ताईच्या हातात रोप दिलं. "ताई, जरा हस की."

ती हसली. सांगितलं तेवढंच, सांगितलं तितका वेळ.

तो फोटो रस्त्यावरच्या पाटीवर झळकला. उन्हाळ्यात निम्मी रोपं करपली. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या जागी नवी खोचली गेली. साहेबांना बढती मिळाली.

ताई आता करवत्याच्या मागच्या पडवीत राहते. भावजयीशी बोलते, भाचरांची वेणीफणी करते. एकदा करवत्या तापानं फणफणला, तेव्हा कपाळावर ओल्या घड्या ठेवत तीच बसली होती.

"ताई," तो पुटपुटला.

तिनं घडी पिळली, नीट पसरली. "बरं वाटतंय का तुम्हाला?"

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला अहो-जाहो केलं होतं. तेव्हापासून तसंच चाललंय.