इंजिन उघडायचं नाही

"सकाळपासून सहा जणांनी बॉनेटात डोकं घातलं," शारीप मिस्त्री इंजिनालाच सांगावं तसा पुटपुटला, "पण पाना एकालाही उचलवला नाही. नुसतं बघून गाड्या दुरुस्त झाल्या असत्या तर मी चष्म्याचं दुकान नसतं काढलं?"

हे फक्त बुरुलला ऐकू गेलं, कारण तेवढ्या जवळ तीच उभी होती. बाकीचे पुरुष दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, मयताला आल्यासारखे उभे होते. त्यांतल्या दोघांकडे गाडीच नव्हती आणि तिसऱ्याच्या गाडीत चार वर्षांपासून कोंबड्या अंडी घालत होत्या. तरी मत मात्र प्रत्येकाकडे होतं. अत्बाशी गावात एक वेळ चुलीला गोवऱ्या कमी पडतील, मतं कधी कमी पडायची नाहीत.

गाडी जपानी होती. तिकडे कुणीतरी वापरून टाकलेली, मग राजधानीत, बिश्केकमध्ये, कुणीतरी वापरून विकलेली, आणि सहा वर्षांपूर्वी बुरुलच्या नवऱ्यानं, कादिरनं, घेतलेली. तेव्हापासून दर जूनमध्ये तिच्या टपावर तंबूच्या काठ्या, आत कढया, पोती, अंथरुणं आणि मधल्या फटीत बुरुल, असं सगळं बिऱ्हाड डोंगरावरच्या कुरणात चढत होतं. तिथे तीन महिने घोडीचं दूध काढायचं, ते घुसळून आंबवायचं आणि रस्त्याकडेला बसून विकायचं. वर्षाचा किराणा, पीठ, कोळसा, सगळं त्या तीन महिन्यांत यायचं. आता मे संपत आला होता, आणि गाडी शारीपच्या अंगणात जबडा वासून पडली होती.

"हे बघा वहिनी." शारीपनं तेलाची पट्टी ओढून तिच्यासमोर धरली. पट्टीवर तेलाऐवजी दह्याच्या निवळीसारखं काहीतरी पांढुरकं लागलं होतं. "तेलात पाणी शिरलंय. वरचं डोकं तापून वाकलेलं असणार. उघडू दे मला. नुसतंच वाकलं असेल तर घासून सपाट करतो, मधलं गॅस्केट नवं टाकतो, दहा दिवसांत गाडी तुमच्या दारात. खालच्या भागाला तडा गेला असेल तर मात्र माझा इलाज नाही, मग इंजिनच बदलावं लागेल. पण उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"उघडायचं नाही," मागून आवाज आला.

तो आवाज उंच टोपीचा होता.

उंच टोपी म्हणजे बुरुलचे थोरले दीर. त्यांना खरं नाव होतं, साऱ्या गावाला माहीत असलेलं. पण सुनेनं नवऱ्याच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. म्हणून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, इतर सुना करतात तसं, तिनंही त्यांना एक दुसरं नाव शोधून ठेवलं होतं. पांढऱ्या नमद्याची, थापलेल्या लोकरीची, ती टोपी ते इतकी ताठ घालायचे की टोपीखाली माणूस आहे हे नंतर लक्षात यायचं. 'उंच टोपीवाले' हे नाव ऐकून ते त्या वेळी प्रसन्न झाले होते. सत्तावीस वर्षं झाली, त्यांना अजून तो मान वाटतो. बुरुलनंही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. सुनेला सुखाची साधनं तशी कमीच असतात.

"या इंजिनात आता दम राहिलेला नाही," उंच टोपी म्हणाले. म्हणाले म्हणजे जाहीर केलं. साधं म्हणणं त्यांना जमत नसे. "काढा, फेका, दुसरं बसवा. बिश्केकच्या बाजारात रांगा लागल्यात इंजिनांच्या. जपानहून बोटीनं येतात."

"तीही कुणाच्या तरी मोडक्या गाडीतलीच काढलेली असतात, आके," शारीप मऊ आवाजात म्हणाला. वयानं मोठ्याशी बोलायचं म्हणून 'आके', म्हणजे दादा, म्हणताना त्यानं हातातला पानासुद्धा खाली ठेवला. "ती कुणी कशी चालवली, देव जाणे. या इंजिनाचं काय झालं ते निदान आपल्याला ठाऊक…"

तो थांबला. कोंबड्यावाला डोंगरावरचं बर्फ पाहू लागला, जणू ते आजच पडलं होतं. दुसऱ्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. कादिरनं गाडीच्या दाराची कडी उगाचच उघडून मिटली.

कारण खरोखरच सगळ्यांना ठाऊक होतं.

बारा दिवसांपूर्वी उंच टोपी कोचकोर गावच्या दोन व्याह्यांना डोलोन घाटातून घरी पोचवायला ही गाडी मागून घेऊन गेले होते. हिवाळ्यात रेडिएटरला बोचरा वारा लागू नये म्हणून बुरुलनं एक जाड नमदा शिवून तारेनं पुढे बांधला होता, लाल शिंगांची नक्षी काढून. गाडीला कोण नक्षी काढतं म्हणून शेजारणी हसल्या होत्या. सकाळी अजून पाणी गोठत होतं, म्हणून तो काढायचा राहिला होता. त्या दिवशी बुरुल दाराशी उभी राहून नवऱ्याला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली होती, "घाट चढायच्या आधी पुढचा नमदा काढायला सांगा हं त्यांना. नाहीतर गाडी तापेल." उंच टोपींनी ते ऐकलं, व्याह्यांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "ऐकलंत? आता गाडी कशी चालवायची ते सुना शिकवणार."

संध्याकाळी गाडी एका ट्रकच्या मागे दोरीनं बांधून परत आली. "मुळातच सडकं इंजिन," उंच टोपी उतरता उतरता म्हणाले, "ऐन चढावर दगा दिला." पण घाटात त्यांच्या शेजारी दोन व्याही बसले होते आणि व्याह्यांना तोंडं होती. काटा लाल खुणेवर गेला, व्याह्यांनी दोनदा थांबा म्हटलं, पण व्याह्यांसमोर थांबायचं कसं म्हणून यांनी आणखी दाबलं. मग वाफ, मग धूर, मग तापल्या इंजिनावर ओढ्याचं गार पाणी. ही हकीगत कोचकोरहून अत्बाशीत गाडीच्या पाठोपाठच पोचली, आणि तिला दोरी लागली नाही. गावात प्रत्येकानं प्रत्येकाला ती सांगितली होती. फक्त उंच टोपींना कुणी सांगितली नव्हती, आणि उंच टोपींसमोर कुणी उच्चारली नव्हती. इंजिन उघडलं की मात्र ते स्वतःच बोलणार होतं. म्हणून उघडायचं नाही.

बुरुलला याचं फार नवल वाटलं नव्हतं. तिचा खरा तिरस्कार होता तो या गुडघ्यात मान घालणाऱ्या बाकीच्यांचा. लांडगा आला तर घोड्यावरून त्याच्या मागे धावतील हे, आणि एका टोपीपुढे यांची जीभ टाळूला चिकटते.

"पैशाची चिंता नको," उंच टोपी कादिरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "करडी घोडी विकून टाक. माझे धाकटे व्याही घेतायत. आजच येऊन बघतायत. शिंगरासकट."

करडी घोडी फाटकाच्या खांबाला बांधली होती. कादिरनंच ती सकाळी मुकाट्यानं आणून बांधली होती. शिंगरू तिच्या पोटाखालून इकडून तिकडे जात होतं. बुरुलच्या वडिलांनी दिलेल्या घोडीची ही नात, तिच्या माहेरच्या दावणीतली शेवटची. घरात दुसरी एक घोडी होती, पण तिच्या सडांत आता आठवणींखेरीज काही उरलं नव्हतं.

"म्हणजे कसं," बुरुल नवऱ्याकडे पाहून म्हणाली, कारण दिराशी थेट बोलायचं नसतं, "घोडी विकून इंजिन घ्यायचं. इंजिन घातलं की गाडी चालेल. गाडी चालली की आपण डोंगरावर जाऊ. आणि डोंगरावर गेल्यावर मी पिळू काय? इंजिन?"

शारीप खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

"सूनबाई," उंच टोपी म्हणाले. पन्नाशी उलटली होती, दोन नातवंडं झाली होती, तरी ती सूनबाई. "चहाचं बघ जरा."

चहाचं शारीपच्या बायकोनं आधीच बघितलं होतं. बर्फ वितळून अंगण ओलं झालं होतं, बसायला कोरडी जागा नव्हती. तिनं पाव, लोणी, किटली आणली, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीचं मागचं दार उघडून सीटच्या मागे कोंबलेली एक गुंडाळी ओढून काढली. "हे बघा, काहीतरी आहे बसायला," म्हणत तिनं ती झटकून जमिनीवर पसरली.

लोकर जळाल्याचा वास अंगणभर पसरला.

तो बुरुलचाच नमदा होता. घाटात कुठेतरी पडला असं तिला सांगितलं होतं. मधोमध, लाल शिंगांवरून, रेडिएटरच्या जाळीच्या काळ्या रेघा उठल्या होत्या, तव्यावर विसरलेल्या रोटीसारख्या. कडेला तुटक्या तारेचा तुकडा अजून अडकलेला होता.

उंच टोपी त्या वयात शोभणार नाही अशा चपळाईनं पुढे आले आणि बरोबर त्या रेघांवर मांडी घालून बसले. कोट पसरून घेतला, जेवढा पसरेल तेवढा.

"बसा," ते म्हणाले. "बसा सगळे."

सगळे बसले. नमदा लहान, माणसं सहा. पण उंच टोपी तसूभरही सरकले नाहीत, म्हणून बाकीचे कडेकडेनं चिखलात टेकले. कोंबड्यावाल्यानं पाव तोडला. "छान ऊन पडलंय," तो म्हणाला. ऊन पडलेलं नव्हतं.

"कसला तरी वास येतोय का?" शारीपच्या बायकोनं निरागसपणे विचारलं. ती पंधरवडाभर माहेरी होती, कालच परतली होती.

"वायर जळली असेल एखादी," शारीप चहाच्या वाटीत बघत म्हणाला.

बुरुलनं त्याच्याकडे पाहिलं. याच माणसानं आत्ता तेलाची पट्टी तिच्या नाकासमोर धरली होती. लोखंडाशी कसा खरं बोलतो, माणसं आली की वायर जळते.

मग तिनं कादिरकडे पाहिलं. तो बसला नव्हता. फाटकापाशी जाऊन घोडीच्या शेपटीतले काटे एकेक करून वेचत होता, विकायला काढलेल्या जनावराचं करतात तसं नव्हे, आजारी पोराचं करतात तसं. बाप गेल्यावर थोरल्यानं त्याला वाढवलं, बूट घेऊन दिले, शाळेत घातलं. त्या बुटांखाली कादिरची जीभ चाळीस वर्षं दबलेली होती. रोज सकाळी गाडी चालू करताना "हं, चल बाई," असं हळूच म्हणणारा हा माणूस. गाडीचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता आणि थोरल्याचाही. त्याच्यावर बुरुलला रागावता येत नसे, हेच तिला सगळ्यात जास्त चिडवायचं.

"तर ठरलं," उंच टोपी म्हणाले. "घोडी माझ्या व्याह्यांना. इंजिन बिश्केकहून. शारीप, तू हे न उघडता तसंच काढून भंगारात टाक. उद्याच. दुवा करू या."

त्यांनी दोन्ही हात समोर ओंजळीसारखे उघडले.

एकदा वडीलधाऱ्यानं दुवा केली, सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवून ओमीन, तसंच होवो, म्हटलं, की ठरलेलं मोडता येत नाही. मग त्यापुढे घोडीवाल्याचं चालत नाही, गाडीवाल्याचं नाही, दुधावर जगणाऱ्यांचं तर नाहीच. हे उंच टोपींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर एवढी घाई.

पाच जणांचे हात उघडले. शारीपचे काळे, तेलकट; कोंबड्यावाल्याचे लोण्यानं चकचकीत. फाटकापाशी कादिरनंही घोडीची शेपटी सोडली आणि बोटांना चिकटलेल्या केसांसकट हात पुढे केले. त्याची नजर मात्र वर उठली नाही.

"या घराची भरभराट होवो," उंच टोपींनी डोळे मिटून सुरुवात केली. "रस्ता मोकळा राहो. थोरांचा मान राहो. पायांखालची जमीन…"

बुरुलचे हात उघडले नव्हते. ते ॲप्रनमध्ये होते, मग ॲप्रनबाहेर होते, मग तिच्या लक्षात आलं की ती चालतेय. पुरुषांच्या गोलाच्या मधून, चहाच्या किटलीला वळसा घालून. शारीपच्या बायकोनं तिची बाही धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. बुरुल वाकली. नमद्याचं जळकं टोक, तार अडकलेलं, तिनं मुठीत धरलं.

"…पायांखालची जमीन अढळ राहो," उंच टोपी म्हणाले, आणि खालची जमीन सरकल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी डोळे उघडले.

सत्तावीस वर्षं तिनं ते नाव जिभेवर कधी येऊ दिलं नव्हतं. झोपेतही नाही, बाळंतपणाच्या कळांतही नाही. ते सहज आलं. एवढं हलकं होतं ते, तिला नवल वाटलं.

"ओस्मोनकुल आके," बुरुल म्हणाली, "उठा. माझ्या नमद्यावर बसलाय तुम्ही. आणि इंजिन सडकं नव्हतं. ते तुम्ही जाळलंत."